पिंप भरेपर्यंतची सिम्फनी

दीडशे वर्षांपूर्वीचा तो जर्मन संगीतकार माझ्या एकट्याचा आहे, असं मी सरळ धरून चाललो होतो. लोकांना त्याच्या पियानोवरच्या चार-दोन छोट्या रचना ठाऊक. मोठ्या वाद्यवृंदासाठी त्याने लिहिलेलं सगळं धूळ खात पडलेलं. एका सहकाऱ्याने परदेशातून त्याच्या सिम्फनीची सीडी आणली, त्याला ती आवडली नाही, म्हणून मला मिळाली. २००४ साल असेल. मी आयटी पार्काला लागून असलेल्या माण गावात भाड्याच्या खोलीत राहत होतो. ऑफिसात कुणाला त्या माणसाचं नावही माहीत नव्हतं आणि याचा मला मनापासून आनंद होता.

घरमालकांना मी मामा म्हणायचो. त्यांची जमीन आयटी पार्कात गेली होती. उरली होती एक म्हैस, भाड्याच्या खोल्या आणि गावच्या भजनातला पखवाज. एका रविवारी सीडी चालू असताना ते दारात येऊन बसले. ऑर्केस्ट्रा आहे म्हटल्यावर, गाणारी बाई कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. जत्रेत त्यांनी पाहिलेला ऑर्केस्ट्रा तसा असायचा. मी मास्तराच्या थाटात सगळं समजावून दिलं आणि गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणून घेतलं.

तिसऱ्या रविवारी, संथ भाग चालू असताना त्यांनी बोट वर केलं. "त्यो मागनं एकलाच फुकतोय बगा. सोता पुढं येत न्हाई, पर समद्यास्नी वाट त्योच दावतोय."

तो भाग मी कितीदा ऐकला होता देव जाणे. ते हॉर्न नावाचं पितळी शिंग मला कधी वेगळं ऐकू आलंच नव्हतं. आता दुसरं काही ऐकू येईना. मला आनंद व्हायला हवा होता, पण पोटात दुखलं.

आमच्याकडे नळाला पाणी सकाळी दहाला यायचं. तेव्हा भाडेकरू ऑफिसात, म्हणून प्रत्येक खोलीची एक किल्ली मामांकडे असे आणि ते आत जाऊन पिंपं भरून ठेवत. एकदा संध्याकाळी आलो तर सीडी प्लेअर लख्ख पुसलेला. मामींना विचारलं. पाणी भरेपर्यंत मामा रोज ते लावून बसतात आणि पिंप वाहायला लागलं तरी उठत नाहीत, हे त्यांनी कौतुकाने सांगितलं. माझा जळफळाट झाला. मी आठवड्यातून एकदा ऐकायचो, हे रोज.

दुसऱ्याच दिवशी सीडी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. मामांना सांगितलं, चरे पडलेत, वाजत नाही. आता मलाही ऐकता येत नव्हतं; पण त्यांना येत नाही, एवढ्यावर माझं भागत होतं.

मामा एवढंच म्हणाले, "आसू द्या. ऱ्हायलंय मनात."

महिन्याभराने एका सकाळी दूध आणायला गोठ्याकडे गेलो. मामा धार काढत होते आणि तोच संथ भाग गुणगुणत होते. शिंगाची जागा आली तसा त्यांनी आवाज खाली नेला, तिथे थोडा थांबवला, मग बाकीच्यांना घेऊन वर आले. मी पहिली ओळ मनात म्हणून पाहिली. मला ती येईना. सीडी ऑफिसात माझ्या कुलपात सुरक्षित होती.

मी आत गेलो नाही. रिकामं भांडं धरून, चाहूल न देता भिंतीआड उभा राहिलो. त्यांनी थांबू नये असं फार वाटत होतं, आणि पुन्हा एकदा म्हणा, असं सांगायला मला तोंड नव्हतं.