नाताळच्या सकाळचे कुंकू

आपल्या सदरात लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. आयुष्यभर औषधांच्या चिठ्ठ्यांपलीकडे मी काही लिहिले नाही. साठी उलटल्यावर लेखणी हाती घेणे मला स्वतःलाच थोडे हास्यास्पद वाटते. शिवाय मी डॉक्टर... अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. भुतेखेते, संकेत, स्वप्ने हे सारे मी वेळोवेळी रुग्णांच्या नातलगांना समजावून झटकून टाकले आहे. तरीही जे घडले ते घडले, आणि आज ते सांगू शकणाऱ्या आम्हा दोघांतली मी एकटीच उरले आहे.

चाळीसच्या दशकातली गोष्ट. म्हसावदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका लहानशा मिशन दवाखान्यात मी नुकतीच रुजू झाले होते. माझे माहेर नगरचे, ख्रिस्ती. दवाखान्यात माझ्याखेरीज एकच डॉक्टर होते – यशवंतराव. ते सारंगखेड्याकडच्या शेतकरी घरातले, हिंदू. लहान मुलांचा वॉर्ड आम्ही दोघे मिळून सांभाळत असू. एकमेकांविषयी काय वाटते ते दोघांनाही ठाऊक होते, पण बोलायचे कोणी? मी तर त्यांच्याशी बोलताना थर्मामीटरकडे पाहत असे. त्यांनी मात्र आपल्या आईपाशी माझा विषय काढला होता आणि आईने एका वाक्यात तो मिटवला होता : "किरिस्तावनी पोर मन्हा घरमा नको."

त्या वर्षी दत्तजयंती आणि नाताळ जवळजवळ आले होते. सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरली होती. घरी पाहुणे येणार म्हणून यशवंतराव रजेवर गेले होते आणि नाताळ उलटल्यावरच परतणार होते. मी वॉर्डात तांबड्या कागदाचे तारे टांगले. त्या वेळी वॉर्डात घटसर्पाची मुले होती. त्यांपैकी राजली ही डोंगरातल्या एका भिल्ल बाईची मुलगी, चारेक वर्षांची. प्रतिविषाचे इंजेक्शन देऊन झाले होते, ताप उतरला होता. नाताळच्या पहाटे ती उठून बसली आणि तारा ओढून फाडू लागली, तेव्हा मला रागापेक्षा आनंदच अधिक झाला.

उजाडताना व्हरांड्यात प्रार्थना झाली. सर्वांनी डोळे मिटले. मी काय मागितले ते आजवर कोणाला सांगितलेले नाही... मी राजलीचे नाव घेतले नाही, कुठल्याच रुग्णाचे घेतले नाही. फक्त म्हणाले, 'आज ते यावेत.' इतकेच.

डोळे उघडले तर आमची परिचारिका सुंदराबाई माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"डॉक्टरबाई, आज नाताळ शे का हळदीकुंकू?"

"म्हणजे?"

"कपाळावर हात लावीसन दखा ना!"

बोटाला तांबडे लागले. मी म्हटले, ताऱ्यांच्या कागदाचा रंग असेल. हात तसे माखलेलेच होते. सुंदराबाई हसली, "कागद इतला गोल टिकला लावस का?" मी पदराने पुसून टाकले आणि कामाला लागले.

ऊन वर आले आणि राजलीचा श्वास घरघरू लागला. घटसर्पाने घशात धरलेला पडदा खाली सरकला असावा. वाफेची किटली लावली, तिची मान सरळ धरली. पण बरगड्या आत ओढल्या जात होत्या, ओठ निळे पडत चालले होते. श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवणे हा एकच उपाय उरला होता. मी तो पुस्तकात वाचला होता, एकदा दुरून पाहिला होता. आमच्यात त्यात हात बसलेला होता फक्त यशवंतरावांचा, आणि ते तर घोड्यावरून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. राजलीची आई माझ्याकडे पाहत होती. मी शस्त्र उकळायला ठेवले. झाकण दोनदा हातातून खाली पडले.

इतक्यात अंगणात टापा वाजल्या. धुळीने माखलेले यशवंतराव धावतच आत आले.

"निरोप कोणाबरोबर पाठवलात?"

"मी? निरोप?"

"बरं, ते मागून. शस्त्र उकळलंय का? दिवा इकडे धरा."

दिवा मी धरला. त्यांनी छेद दिला, नळी आत गेली, आणि शिट्टीसारखा आवाज करीत राजलीच्या छातीत हवा शिरली. त्याहून गोड आवाज मी पुढे कधी ऐकला नाही. तिची आई खाली बसली आणि पहिल्यांदा रडली.

मग चहा घेताना यशवंतरावांनी सांगितले : "पहाटे आईनं हलवून उठवलं. म्हणाली, दारात एक पोर येऊन सांगून गेली, मुलीचा घसा बंद होतोय, डॉक्टरला धाडा. बाहेर आलो तर कोणी नाही. पण आईनं बसूच दिलं नाही."

पहाटे... म्हणजे राजली तारा फाडत होती तेव्हा! मी ते त्यांना सांगितले. मग तेच हळूच म्हणाले, "आईला भेटायला याल?"

होळी झाल्यावर मी गेले. त्या घरी मी पूर्वी कधी गेले नव्हते, माझी तसबीरही तिथे कोणी पाहिली नव्हती. आई ओट्यावर डाळ पाखडत होत्या. मला पाहताच सूप खाली ठेवून म्हणाल्या, "हाई तर तीच पोर शे!"

"कोण तीच, माय?" यशवंतरावांनी विचारले.

"त्या दिन सकायमा उनी व्हती ती. गळामा डागदरनी काळी रबरनी दोरी व्हती. तवय बी खालेच दखी ऱ्हायनी व्हती, आते बी खालेच!" मग माझी हनुवटी वर उचलून म्हणाल्या, "दारशे उनेली लेकले रिकामी कशी धाडू? मी मन्हा हातनी कुंकू लायं तुले. आते घरमा नको कशी म्हनू?"

दारी आलेल्या लेकीला कुंकू लावूनच धाडायच्या त्यांच्या त्या रिवाजाने आमचे लग्न जमले. मी चर्चमध्ये जात राहिले, आई देवळात जात राहिल्या, आणि दर नाताळला त्या स्वतःच्या हाताने माझ्या कपाळाला कुंकू लावीत. मी ते दिवसभर पुसत नसे. राजली वाढली, तिला मुले झाली. तिच्या गळ्यावरचा व्रण मी तिच्या लग्नात हळदीखाली पाहिला आणि मनोमन हात जोडले.

कागदाचा रंग, आईंचे स्वप्न, योगायोग – माझ्यातली डॉक्टर हे सारे मांडून पाहते. उत्तर मिळत नाही, आणि आता त्याची खंतही वाटत नाही. मनात आहे ती केवळ कृतज्ञता. एकच गोष्ट मात्र राहून राहून आठवते. मी प्रार्थनेत त्या मुलीचे नावही घेतले नव्हते. मी केवळ माझ्यासाठी मागितले होते. मग त्या दारात, माझ्या रूपात, तिच्यासाठी कोण बोलले असेल?