सासूबाई खुडूक बसल्या

माझ्या सासूबाईंना जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कोंबड्यांमध्ये सापडतं. बदलापूर गावात त्यांच्या परसात पंधरा-वीस कोंबड्या आहेत. आम्ही नवरा-बायको अंबरनाथ पश्चिमेला फ्लॅटमध्ये राहतो याचं त्यांना वाईट वाटतं, ते एवढ्याचसाठी की आमच्या गॅलरीत कोंबडी पाळता येत नाही.

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी पाळणा हलेना. उल्हासनगरच्या डॉक्टरीणबाईंकडे टेस्ट ट्यूबचे दोन प्रयत्न वाया गेले. तिसऱ्या वेळी बाई म्हणाल्या, गर्भ दोन चांगले तयार झालेत, पण आत एकच सोडू, दुसरा गोठवून ठेवू. सासूबाई सोबत होत्याच. त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"एकुच? कोंबरीखाली एकुच अंडा कोन ठेवतंय? अकरा ठेवावीत, तवा सात निंगतान."

"अम्मा," डॉक्टरीणबाईंनी हात जोडले, "ये मुर्गी नहीं है, आपकी बहू है."

मग त्यांनी नीट समजावलं. जुळी बहुतेक वेळा लवकर येतात, वजनाला कमी भरतात, फुप्फुसं कच्ची राहतात, कधी एखादं हाती लागत नाही. नवरा, सासूबाई आणि मी, तिघांनीही माना डोलावल्या आणि त्यातलं काही ऐकलं नाही. सगळा दोष सासूबाईंवर ढकलणं सोपं आहे, पण खरं सांगायचं तर मलाही दोन हवी होती. सुया टोचून घेऊन मी कंटाळले होते, एकदाच काय ते उरकावं असं वाटत होतं. दोन्ही गर्भ आत सोडायच्या फॉर्मवर सही माझी आहे.

दोन्ही गर्भ रुजले. तीन महिने कुणाला सांगायचं नाही हा नियम सासूबाईंनीच घातला आणि पाळलाही. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. फक्त वाटेत कुणी भेटलं की दोन बोटं वर करायची आणि हसायचं. काहींना वाटलं, म्हातारी निवडणुकीला उभी राहतेय. बाकी गावाला आठवडाभरात कळलं.

एकतिसाव्या आठवड्यात माझं बीपी चढलं आणि सिझेरियन करून पोरींना बाहेर काढावं लागलं. थोरली दीड किलोची, धाकटी एक किलोलाही कमी. दोघींना काचेच्या पेटीत ठेवलं. धाकटी मध्येच श्वास घ्यायला विसरायची. मशीन ओरडायचं, सिस्टर तळपायाला टिचकी मारायची, मग बाईसाहेब पुन्हा श्वास घ्यायच्या. ही राहील की नाही, आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मला उठायची परवानगी नव्हती, त्यामुळे बातम्या सासूबाई आणायच्या. पहिली बातमी अशी: "खोक्यात बलब लावलाय तसाच हाय. अशक्त पिल्लाला मी बी लावतंय." दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीत ऊब कमी आहे असं सिस्टरला ऐकवलं आणि सिस्टरने त्यांना बाहेर काढलं.

दहाव्या दिवशी त्याच सिस्टरने त्यांना हाक मारली. धाकटीला कुणीतरी उघड्या छातीशी धरून बसायला हवं होतं आणि माझा ताप उतरत नव्हता. सासूबाई बसल्या. जेवतानासुद्धा उभी असणारी ही बाई प्लास्टिकच्या खुर्चीत तासन्‌तास हलली नाही. मूठभर नात त्यांच्या गाऊनमध्ये. अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीजवळ हात नेला की ती चोच मारते. दूध द्यायला आलेल्या सिस्टरवर यांनी तसेच डोळे वटारले. मला व्हीलचेअरवरून नेलं तेव्हा वाटलं, आता मलाही चोच बसणार. पण त्या रडत होत्या.

"मीच दोन मागितली गं," एवढंच म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरून बसले.

धाकटी राहिली. आता तीन वर्षांची आहे आणि थोरलीला सोबत घेऊन परसातल्या कोंबड्यांना पळता भुई थोडी करते. परवा शेजारची सून आली होती. तिचीही ट्रीटमेंट सुरू व्हायची आहे. गर्भ किती ठेवायला सांगू, असं तिने सासूबाईंना विचारलं. त्यांनी एक बोट वर केलं.

"आणि अकरा अंडी?" मी चिडवलं.

सासूबाईंनी धाकटीला मांडीवर ओढलं आणि अजूनही सवय आहे म्हणून तिच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं.

"चार नाय निंगाली तरी कोंबरी रडत नाय. तिला मोजता येत नाय," त्या म्हणाल्या. "मना येतं."