उरलेला माल

भाऊ सकाळपासून फोनवर फोन करत होता. "ताई, भाऊजीले म्हण लवकर या. अंगणाले फळ्या लावून बसलो मी. माल गोठला तं काय उपयोग?" जशी काही गाडी मीच चालवत होते!

आमचे हे काँक्रीटचा मिक्सर चालवतात, मागे मोठा ड्रम फिरतो ना, ती गाडी. असल्या गाडीवाल्याला आमच्याकडे सोयरे फार. "उरलेला माल आमच्या अंगणात टाका ना," हे ठरलेलं. त्या दिवशी मेहकरजवळच्या पुलावर अर्धाच माल लागला, उरलेला फेकायचाच होता. मग साखरखेर्ड्याला भावाचं अंगण पक्कं करायचं ठरलं. माहेरी जायला मिळतंय म्हणून मीही केबिनमध्ये चढले.

हे सारखे आरशात बघत होते. मी म्हटलं, "अर्धीच तं हाये गाडी. हाना ना जरा जोरात!"

"अर्धी हाये म्हणूनच तं! भरलेल्या ड्रमात माल हालाले जागा नसते. हा अर्धा माल वळणावर एका अंगाले जाते, अन् गाडीलेई घेऊन जाते."

हे ऐकलं आणि मला सीटवर धड बसवेना. तेवढ्यात पुन्हा फोन. मी कापला. पुन्हा वाजला, तेव्हा उचलला. "गोठून राह्यला असंन तिकडं!" भाऊ ओरडला. ते ह्यांनाही ऐकू गेलं. चिडून त्यांनी वेग वाढवला.

डावीकडचं वळण आलं. माझ्या बाजूची चाकं हलकी झाल्यासारखी वाटली. अगं आई गं! घरी ठेवलेली पोरं डोळ्यापुढं आली. गाडी झुकली, अजून झुकली, आणि धाडकन सरळ झाली.

पुढं ह्यांनी गाडी बाजूला घेतली.  "पुढं रस्त्याले अजून लय मोड हायेत," एवढंच म्हणाले.

"वता इथंच," मी म्हटलं. मुरूम काढलेला एक खड्डा होता, सगळा माल त्यात गेला. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

रिकामी गाडी दारात लागली तेव्हा भाऊ घमेलं घेऊन उभा होता. मी सगळं सांगितलं. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकं पाहिली.

"पण गाडी तं उलटली नाही ना? मंग माल काऊन सांडला?"

 माझं डोकं फिरलं. "तुले पटवाले मरून दाखवाचं होतं का रे आम्ही?"

आणि माहेरच्या उंबऱ्यात पाऊलही न टाकता मी परत केबिनमध्ये जाऊन बसले.