पोशो-घेवड्याचा नवरा

लुकाया गावातल्या बायका सिनेमाला आकड्यांत मार्क देत नाहीत. आकडे शाळेत असतात, आणि शाळा त्यांना कधी फारशी मानवली नाही. दुपारी नळाच्या ओट्यावर कपडे धुताना सिनेमाचा विषय निघतो आणि निकाल लागतो तो ताटातल्या पदार्थांत. अगदीच टाकाऊ सिनेमा म्हणजे पोशो-घेवडा, वसतिगृहात आणि तुरुंगात रोज मिळतो तसला मक्याचा गोळा. बरा असेल तर मटोके, म्हणजे कच्च्या केळ्यांचा उकडलेला लगदा, आणि दाण्याची आमटी. आणि जिवाला लागलाच तर लुवोम्बो, म्हणजे केळीच्या पानात बांधून वाफवलेली कोंबडी. ती नाताळात मिळते किंवा लग्नात.

नाम्पिज्जा गेले कित्येक महिने सिनेमांना लुवोम्बोच देत होती, आणि तिच्या नवऱ्याला ते सहन होत नव्हतं.

हा नवरा म्हणजे गोन्झागा लुटाया, शिंपी. नळासमोरच त्याचं दुकान, मध्ये एक पडदा आणि पडद्यामागे घर. माणूस सरळ. दारू नाही, भांडण नाही, आणि बोलणंही नाही. "हं", "बरं" आणि "हात वर करा" एवढ्या भांडवलावर त्याचा संसार आणि धंदा दोन्ही चालायचे. एकुलती मुलगी नान्ताले दूरच्या शाळेत राहायला गेली, तसं घरात भांड्यांशिवाय कुणाचा आवाज उरला नाही. मग नाम्पिज्जाने टीव्ही आणला, आणि टीव्हीबरोबर घरात हातोडा आला.

आमच्याकडे परदेशी सिनेमा कुणी नुसता बघत नाही. त्यावर व्हीजे बोलतो. बायका, पुरुष, पोलीस, चोर, सगळ्यांचे संवाद तो एकटा आमच्या लुगांडा भाषेत म्हणतो, मध्येच थट्टा करतो, खलनायकाला अस्सल आपल्या शिव्या घालतो आणि नायक दार उघडायला लागला की "अरे माझ्या आईच्या लेका, नको उघडूस," म्हणून रडकुंडीला येतो. असे व्हीजे पुष्कळ आहेत, पण त्यांतला न्योंडो वेगळा. न्योंडो म्हणजे हातोडा. त्याचा आवाज घोगरा, गोड आणि नको तितका जवळचा. नाक्यावरच्या दुकानातून नाम्पिज्जा पेनड्राइव्हवर त्याचेच सिनेमे भरून आणायची.

गोन्झागा मशीनवर बसलेला असायचा आणि पडद्यामागे परका पुरुष त्याच्या बायकोला हसवत असायचा. ती खुदकन हसली की याची सुई अडखळायची. ती हळहळली की हा पाय थांबवून ऐकायचा. आपल्या आजारपणात तरी ही एवढी हळहळली होती का, याचा हिशेब तो करत बसे. एकदा अशाच तंद्रीत त्याने नालोंगोच्या गोमेसीचा, म्हणजे उंच खांद्यांच्या समारंभाच्या झग्याचा, एक खांदा उलटा जोडला. नालोंगो शेजारीण, जुळ्यांची आई, आणि आवाजाने बाजार उठवणारी.

"काय रे शिंप्या, माझा एक खांदा स्वर्गात आणि एक पाताळात?" ती म्हणाली. "कुणाचा राग माझ्या अंगावर शिवलास?"

गोन्झागाने उसवायला घेतलं. राग कुणाचा ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

इंग्रजी त्याला समजायचं, थोडं शिकला होता. एकदा न राहवून तो पडद्याआड गेला आणि म्हणाला, "हा खोटं सांगतो. तो माणूस नुसतं 'नो' म्हणाला. तुझा हातोडा त्यावर घटकाभर बोलला."

"मग नुसत्या 'नो'ला मी काय मार्क देऊ?" नाम्पिज्जाने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

पुढे कुणीतरी त्याला सांगितलं की हा न्योंडो ढेरपोट्या आहे, चष्मा लावतो आणि टक्कल पडलंय. गोन्झागाला इतका आनंद झाला की त्या दिवशी तो जेवताना आपणहून बोलला. "तुझ्या हातोड्याला टक्कल आहे म्हणे."

"असू दे की. आवाजाला नाही ना?" ती म्हणाली आणि त्याच्या ताटात पोशो वाढला. तिने मुद्दाम वाढला नव्हता, घरात तोच होता. पण याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नळावर परपुरुषाला लुवोम्बो आणि घरात धन्याला पोशो. तो "बरं" म्हणाला आणि जेवला.

मग तो रविवार आला. चर्चमधून आल्यावर नाम्पिज्जाने चहा ठेवला, शेंगदाणे काढले आणि नवा सिनेमा लावला. घोडे आले, डोंगर आले, गोरा माणूस बोलू लागला, पण हातोडा काही आला नाही. तिने आवाज वाढवला. सगळं इंग्रजीच. दुकानदाराने चुकून व्हीजेशिवायचा कोरा सिनेमा भरून दिला होता, आणि रविवारी त्याचं दुकान बंद.

तिचा चेहरा असा पडला की गोन्झागाला आधी बरं वाटलं आणि मग फार वाईट वाटलं. एका आवाजासाठी एवढं?

"टाटा नान्ताले," ती म्हणाली. नान्तालेचे बाबा, अशी मुलीच्या नावावरूनच ती त्याला हाक मारायची. "तुम्हाला कळतं ना? बसा इथे आणि सांगा."

तो बसला. गळ्यात टेप तसाच. परीक्षेला बसावं तसा ताठ.

"तो म्हणतो, ये. ती म्हणते, येत नाही. आता गाडी आली."

"गाडी मला दिसतेय."

"तो म्हणतो, पाऊस नाही. ती म्हणते, हो."

नाम्पिज्जाने शेंगदाणे सोलले. बराच वेळ सोलले.

"कसा आहे?" त्याने शेवटी विचारलं.

"पोशो."

"घेवडा?"

"घेवडा अजून कच्चाच आहे."

गोन्झागाचे कान तापले. स्क्रीनवर तो घोडेवाला आता बायकोसमोर जेवायला बसला होता. घोडा विकायचा की ठेवायचा, असलं काहीतरी तो बोलत होता. गोन्झागाने तोंड उघडलं आणि घोडा घशातच अडकला.

"तो म्हणतो," गोन्झागा म्हणाला, "तो म्हणतो, मी सगळं ऐकतो. मला वाटतं तुला वाटतं की मी ऐकत नाही. पडदा पातळ आहे. तू त्याच्यासाठी हसतेस ते मला ऐकू येतं. तू नळावर त्याला लुवोम्बो देतेस तेही ऐकू येतं. तो म्हणतो, मला जळायला होतं. म्हातारा होत आलो आणि एका आवाजावर जळतो, लाज वाटते. पण जळतो."

स्क्रीनवरच्या माणसाच्या तोंडात चमचा होता.

नाम्पिज्जाचे हात थांबले. तिने वळून बघितलं नाही. "आणि ती काय म्हणते?"

गोन्झागाने पाहिलं. स्क्रीनवरची बाई गप्प बसून सूप पीत होती. "ती काही बोलत नाहीये."

"बोलतेय. तुम्हाला या बाईची भाषा येत नाही, मी सांगते." नाम्पिज्जाने टरफलं पदरात गोळा केली. "ती म्हणते, हा मला मागणी घालायला आला, तेव्हासुद्धा याच्या वतीने भाड्याने आणलेला माणूस बोलत होता. किती गोड बोलला तो. मी पोरगी एवढी मन लावून ऐकायला बसले आणि नवरा मुलगा चटईकडे बघत होता. तिथे रीतच आहे, मुलाने बोलायचं नसतं. पण ती रीत त्या दिवसापुरती असते. ती म्हणते, मी वाट बघितली. घरी गेल्यावर बोलेल. पोर झाल्यावर बोलेल. पोर शाळेला गेली तरी हा 'बरं'च म्हणतो. तो परका माणूस निदान दार उघडताना सांगतो तरी, की बाई, मी दार उघडतोय. ती म्हणते, ज्याने कधी सिनेमाच दाखवला नाही, त्याला मार्क कुठून देऊ?"

तिचा आवाज शेवटी फाटला. गोन्झागाला आता जळायलाही कुणी उरलं नव्हतं, कारण हातोडा ज्या जागी येऊन बसला होता, ती जागा त्याने स्वतःच रिकामी ठेवली होती. हे त्याला तिथे स्टुलावर बसल्याबसल्या कळलं, आणि फार लागलं.

स्क्रीनवरची जोडी उठून गेली. रिकाम्या टेबलावर एक माशी फिरत होती.

"आता माशी काय म्हणते?" नाम्पिज्जाने नाक पुसत विचारलं.

त्याने घसा खाकरला. "माशी म्हणते," तो म्हणाला, "या घरात आज बोलणं चाललंय, मी थांबते."

ती हसली. पडद्याच्या आतलं ते हसू त्याने पहिल्यांदाच आत बसून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी नळावर नालोंगो होती आणि अपोफिया होती, कोपऱ्यावर चपात्या लाटणारी. नाम्पिज्जाने घोडेवाल्याच्या सिनेमाची गोष्ट सांगितली. गोन्झागा मशीनवर होता, पण मशीन चालत नव्हतं.

"थांब गं," अपोफिया म्हणाली. "तो सिनेमा मी बघितलाय हातोड्याच्या आवाजात. जेवताना तो घोडा विकायचं बोलतो. जळायबिळायचं कुठे होतं त्यात?"

"माझ्या कॉपीत होतं."

"कोणता व्हीजे?" नालोंगोने विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही. नवा आहे. अडखळतो फार, आणि निम्मं तर विसरतोच."

"मग मार्क काय दिलेस?"

नाम्पिज्जाने चादर पिळली. पिळायला जरा जास्तच वेळ घेतला. दुकानात गोन्झागाने मशीनचं चाक घट्ट धरून ठेवलं होतं.

"पोशो-घेवडा," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पोशो-घेवडाच होता." मग चादर झटकून दोरीवर टाकत ती दुकानाकडे तोंड करून म्हणाली, "पण मी दोनदा वाढून घेतला."