पेवाच्या तोंडाशी

वहिनी गेल्याचा निरोप घेऊन गावाकडचा माणूस हिंगोलीत माझ्या दाराशी आला, तेव्हा मी जेवत होतो. हातातला घास हातातच राहिला. थोरल्या भावाच्या मागं शेत आणि घर सांभाळणाऱ्या आमच्या यमुनावहिनी... त्यांना जाऊन आता महिना होत आला. त्यांचं नाव निघालं की गावातले लोक वादळाच्या वर्षीची जवारी आठवतात. वहिनींना मात्र ती आठवण कधी सोसली नाही.

कळमनुरीच्या बाजूला, आमच्या शिवाराला लागून एक तांडा आहे. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. वैशाखात असं वादळ झालं, की तांड्यावरची एकही झोपडी उभी राहिली नाही. ओढ्याला लोंढा आला, पिण्याचा झरा गाळानं आणि मेलेल्या जनावरांनी नासला. वहिनींनी आमची विहीर तांड्याला मोकळी केली. घरातलं पीठ लगेचच संपलं. झाडं पडून रस्ते बंद, वसमतहून धान्याची गाडी येण्याची आशा नव्हती. उरलं होतं ते अंगणातलं पेव, जवारी साठवण्याचा जमिनीतला खोल, बंद खड्डा.

पेव उघडलं की दिवसभर वारं लागू द्यायचं, आत जीवघेणी वाफ कोंडलेली असते, हे आमच्याकडं सगळ्यांनाच ठाऊक. पण ओसरीवर तांड्याची लेकरं भुकेनं रडत होती. दुपारी वहिनी म्हणाल्या, "सकाळधरनं उघडंच हाय. आनिक किती वाट पाहायची? उतरा आता."

तांड्यावरचा थावरा कमरेला दोर बांधून उतरला. वर दोर धरणाऱ्यांत मी होतो. एक टोपलं वर आलं. दुसऱ्या टोपल्यासाठी हाका मारल्या... ओढून काढला तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याच पेवातली जवारी निघाली. वहिनींनी दळली, भाकरी भाजल्या, तांडा जगला. त्यांनी स्वतः त्यातला कण खाल्ला नाही. थावऱ्याच्या बायकोला, सोमलीला, त्या दर सुगीला धान्य पाठवत. पण तिच्या समोर कधी गेल्या नाहीत. मी एकदा म्हणालो, "वहिनी, तुम्ही लेकरांसाठीच घाई केली."

"त्यालाबी लेकरं व्हतीच की, भावजी," एवढंच म्हणून त्या उठून गेल्या.

वहिनींच्या तेराव्याला सोमली आली, सगळ्यांच्या मागं बसली. मला राहवलं नाही. विचारलं, "वहिनींवर राग होता का तुमचा?"

"व्हता. काहून नसंल?" ती म्हणाली. "पर त्याच पेवातली भाकर म्या दुसऱ्या दिवशी पोटभर खाल्ली. भूकच तशी व्हती. बाईच्या समोर यायची मलाच लाज वाटत व्हती."

वादळाच्या त्या वर्षापासून पेव उघडलं की वहिनी दिवसभर त्याच्या तोंडाशी बसून राहत, कुणाला जवळ फिरकू देत नसत. परवा पेव उघडलं. त्यांच्या जागेवर बसायला कुणी धजेना. सोमली कधी आली, कुणी बोलावलं, ठाऊक नाही. तिनं पदर खोचला आणि तिथं बसली. दिवस मावळला तरी उठली नाही.