दादा, मी नट आवळला होता

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी केडगावातल्या माझ्या गॅरेजसमोर चहा पीत होतो, आणि तो चहा मी पूर्ण प्यालो. मगच भिंगारला निघालो. सख्खा थोरला भाऊ, सकाळी आंघोळीला गेला आणि हार्ट अटॅकनं तिथंच कोसळला... रडू यायला हवं होतं, आलं नाही. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलायचं असतं, हे दहाव्याच्या दिवशी मला तीन जणांनी ऐकवलं. त्यांनी खुशाल बोलावं. माझा राग आठ वर्षांचा आहे, तो दीड महिन्यात विरघळत नाही.

दादा लष्करी खात्यात सिव्हिलियन स्टोअरकीपर होता. जन्म गेला दुसऱ्यांच्या हातात पाने-हातोडे देण्यात. पण यंत्रांतलं सगळं आपल्यालाच कळतं, हा तोरा शेवटपर्यंत. मी दहावीनंतर गॅरेजला लागलेला मेकॅनिक. त्यानं जुनी कार घेतली तेव्हापासून तिचं ऑइल मीच बदलायचो. गाडीखाली जायचं, चेंबरचा, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीचा, नट उघडायचा, काळं ऑइल सोडायचं, नट आवळायचा. दादा हात मागं बांधून उभा. "रव्या, तुझा हात हलका हाय," हे वाक्य दर वेळी ठरलेलं. मी हसून सोडून द्यायचो. तिथंच चुकलं माझं.

आठ वर्षांपूर्वी दादाच्या मुलीच्या लग्नाच्या सुपारीसाठी सगळे नेवाशाकडे निघाले होते. चारच दिवस आधी मी ऑइल बदललं होतं. घोडेगावच्या अलीकडं गाडी बंद पडली. चेंबरचा नट वाटेत कुठंतरी गळून पडलेला, ऑइल सगळं रस्त्यावर, इंजिन जाम. बाजाराचा दिवस होता, म्हणून म्हशी नेणारा एक टेम्पो मिळाला आणि नवरीकडची मंडळी म्हशीशेजारी उभी राहून मुलाच्या दारात उतरली. तिथून, सगळ्या सोयऱ्यांसमोर स्पीकर लावून, दादानं मला फोन केला.

"रव्या, नट ढिला सोडलास."

"दादा, मी आवळला होता."

"मंग काय गाडीनं सोडला?"

पलीकडं सगळे हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं. पुढं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला दादा हा किस्सा म्हशीसकट रंगवून सांगायचा. भावकीत माझं नावच 'ढिला नट' पडलं. पाहुण्यांच्या गाड्या माझ्याकडे यायच्या बंद झाल्या. मेकॅनिकच्या हातावरचा विश्वास गेला की त्याच्याकडे राहतं काय?

दादानं गाडी शहरातल्या दुसऱ्या गॅरेजला ओढून नेली. मला जवळ फिरकू दिलं नाही. मग ते मशीन आणलं. एक बंद डबा, त्याला हातपंप आणि बारीक नळी. इंजिन थोडं गरम करायचं, ऑइल मोजायची पट्टी उपसून तिच्या भोकातून नळी तळापर्यंत सोडायची आणि पंप मारायचा, की काळं ऑइल वरूनच डब्यात ओढलं जातं. पहिल्या वेळी त्यानं मला मुद्दाम बोलावलं. "बघ. खाली जायचं न्हाई, नट उघडायचा न्हाई. आता तुजं कामच न्हाई."

"तळाचा गाळ तसाच राहतो, दादा."

"राहू दे. गाळ काय ढिला होऊन रस्त्यात पडत न्हाई." शेजारीपाजारी हसले, आणि मी स्कूटर काढली.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. जावई गाडी नेणार आहेत, तेवढं ऑइल बदलून द्या. मी गेलो. वहिनींनी मशीन पुसून तयार ठेवलं होतं. मी त्याला हात लावला नाही. गोणपाट अंथरलं आणि पाना घेऊन गाडीखाली शिरलो. तो नट मला माझ्या हातानं उघडायचा होता... नट चेंबरलाच वेल्डिंग करून टाकलेला होता.

ढिला राहून पडलेल्या नटाच्या जागी नवा नट बसतो, पाच मिनिटांचं काम. वेल्डिंग करतात ते नट धरून ठेवणारे आटे झिजून गेले तर. आणि आटे जातात ते आवळलेला नट पुन्हा पुन्हा आवळल्यानं.

बाहेर आलो. वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या. मी विचारलं, दादा कधी गाडीखाली जायचा का?

"जायाचे की, भावजी," त्या कौतुकानं हसल्या. "तुमी गेल्यावर दर टायमाला. म्हनायचे, रव्याचा हात हलका हाय, येक पीळ माजा. पान्याला लांब पाइप लावून, तोंड पार लाल व्हस्तवर आवळायचे."

"आणि त्या गॅरेजवाल्यानं काय सांगितलं होतं?"

"ते काय मला म्हायती न्हाई. पर तिथून आले आन् दोन दिस धड जेवले न्हाईत."

म्हणजे त्याला माहीत होतं. आठ वर्षं माहीत होतं, तरी तो किस्सा सांगत राहिला, आणि परत कुणी गाडीखाली जाऊ नये म्हणून मशीन घेऊन आला. जिवंत असता तर कॉलर धरली असती. वहिनी, तुम्हाला त्या दिवशी मी काही बोललो नाही. हे वाचून वाईट वाटेल, वाटू दे. भावकीनंही वाचावं. इथं 'दादाला मी माफ केलं' असं लिहिलं की लेख छान संपेल. मी केलेलं नाही. ऑइल मात्र त्याच्याच मशीननं ओढलं, दुसरा मार्गच त्यानं ठेवला नव्हता.

काल एका गिऱ्हाइकाची गाडी झाली. हात धुतले, किल्ली दिली, तो आत बसला, गाडी सुरू केली. मी म्हणालो, थांबा, बंद करा जरा. आणि पुन्हा खाली शिरलो. आठ वर्षं प्रत्येक गाडीला मी असा दुसऱ्यांदा खाली जातो. खरं कळल्यावर तरी हे सुटेल असं वाटलं होतं... पाना लावून पाहिला. नट घट्ट होता. तो नेहमीच घट्ट असतो.