फौजदारांच्या चाकातली हवा

पाण्याचे मीटर वाचणाऱ्या त्या माणसाला अख्खं खातं फौजदार म्हणायचं, आणि ते काही प्रेमानं नव्हे. बावीस वर्षं लोकांच्या जिन्यांखाली वाकून मीटर बघितल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? कुणी मीटरला चुंबक लावतो, कुणी मीटरच उलटा बसवतो आणि वर "या ना साहेब, चहा घ्या" म्हणतो. फौजदारांनी असा चहा जन्मात घेतला नाही. घरी बायकोनं न मागता कप पुढं केला तरी ते आधी विचारत, "काय हवंय?"

ही बावीस वर्षं त्यांनी चढाच्या वस्तीत जाड टायरची माउंटन बाइक दामटली. मग बदली झाली ती सपाट, लांबच लांब रस्त्यांच्या नव्या वसाहतीत. दिवसाला तीस किलोमीटर! ते धूड ओढता ओढता गुडघ्यांनी हात टेकले.

तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, त्याची रोड बाइक आहे, पातळ चाकांची. तो म्हणतो, तुम्ही वापरा."

हा 'तो' म्हणजे चौकातला सायकल दुरुस्तीवाला. तिला त्याच्याशी लग्न करायचं होतं. आईनं कधीच हो म्हटलं होतं. दोन महिने अडून बसले होते ते फौजदार. स्वतःची सायकल देतोय? ती पण फुकट? कुठंतरी पाणी मुरतंय. लाचच की ही सरळ!

घेतली मात्र, कारण गुडघे ऐकेनात. टायरवर अंगठा दाबला, तर दगड. "ठासून भरलीय बेट्यानं, फुटावी म्हणून," ते पुटपुटले आणि अंगठा आत जाईपर्यंत दोन्ही चाकांतली हवा फुस्सकन सोडून मोकळे झाले. जाड टायरचं ते कायम असंच करायचे. हादरे कमी बसतात.

आठवड्यात तीन पंक्चर. तिन्ही त्यांनी स्वतःच काढली आणि हवा पुन्हा अंगठा आत जाईल इतपतच भरली. दर वेळी ट्यूबवर शेजारी शेजारी दोन बारीक भोकं, मोजूनमापून पाडल्यासारखी. खिळा नाही, काच नाही. सायकल असते जिन्याखाली, आणि लेकीला सोडायला तो येतो रोज जिन्यापर्यंत. झालं! फौजदारांनी खात्यातली तार आणली, हवेचं तोंड स्पोकला बांधलं आणि वर मीटरला ठोकतात तसं शिशाचं सील ठोकलं. आता ट्यूब बाहेर काढायची तर तार तोडावीच लागणार. चौथं पंक्चर झालं, आणि सील जसंच्या तसं!

"बघ," ते बायकोला म्हणाले, "सील न तोडता काम करतो. मुरलेला आहे."

"अहो, पण त्याला मिळणार काय त्यातून?"

"मी दुकानात जाणार, तो उपकार करणार. उपकाराखाली दबलेला बाप नाही कसा म्हणेल?"

बायकोनं कपाळावर हात मारला. लेकीला त्यांनी सरळच सांगितलं, "उद्या संध्याकाळी बोलाव त्याला. त्याच्या सायकलीत, त्याच्या कामात खोट निघाली तर हा विषय या घरात बंद." तिचे डोळे भरलेले बघून त्यांनाही बरं वाटलं नाही, पण पुरावा तो पुरावा.

साक्ष भक्कम हवी म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी ते ट्यूब घेऊन वसाहतीतल्या एका अनोळखी म्हाताऱ्या सायकलवाल्याकडे गेले. त्यानं भोकं बघितली आणि तो हसतच सुटला.

"कुणी केलं म्हणून काय विचारता? तुम्हीच! पातळ टायरला हवा दगडासारखीच लागते. कमी असली की खड्ड्यात रिम खाली आपटते आणि दोन्ही कडांनी ट्यूबला चावते. जाड टायरवरून आलेला प्रत्येक शहाणा हेच करतो."

संध्याकाळी फौजदार तोंड कडू करून खुर्चीत बसले होते. समोर टेबलावर ट्यूब, भिंतीला सायकल, दाराशी लेक. तो आला. आपल्यावर काय आळ आहे ते त्याला कळलेलं दिसत होतं. त्यानं ट्यूब उचलली, भोकांवरून बोट फिरवलं, मग सायकलीचं पुढचं चाक दाबून बघितलं. अंगठा आत गेला. त्याला समजलं, आणि त्याला समजलं हे फौजदारांनाही दिसलं. आता हा हसणार, लेकीसमोर आपली शोभा करणार.

तो कान चोळत म्हणाला, "काका, ट्यूबच खराब होती. देताना मी बघायला हवी होती. माझीच चूक."

फौजदारांनी आयुष्यात हजारो थापा ऐकल्या होत्या, सगळ्या बोलणाऱ्याच्या फायद्याच्या. ही थाप कुणाच्या फायद्याची, ते त्यांनी मनात दोनदा तपासलं. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं.

"खोटं बोलतोस," ते म्हणाले.

लेकीनं दाराची चौकट घट्ट धरली.

"हवा मी काढत होतो. मीच. आणि आळ तुझ्यावर घेतला." त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून. मग ते लेकीकडे वळले.

"पोरी, हा खोटं बोलताना कान चोळतो. लक्षात ठेव. जन्म काढायचाय तुला याच्याबरोबर."